विश्लेषण : ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोललाच आहे, तर नवे काय घालायचे आणि जुने काय ठेवायचे?

सकाळी गाडी काढून ‘डी’मध्ये टाकली की दोन सेकंद काहीच होत नाही आणि मग एकदम झटका बसून गाडी पुढे सरकते. महिनाभर हे असेच चालते. मग एके दिवशी घाटात इंजिन ओरडते, पण वेग वाढत नाही. गाडी टोचन करून गॅरेजमध्ये येते, गिअरबॉक्स खाली उतरतो आणि दुसऱ्या दिवशी मालकाच्या व्हॉट्सॲपवर काळ्या पडलेल्या क्लच प्लेट्सचा फोटो येतो. खाली एकच ओळ : ‘किट टाकू का?’

‘टाका’ म्हणणे सोपे असते. पण किटमध्ये काय येते, काय येत नाही, गिअरबॉक्समधले कोणते जुने भाग परत आत जाणार आहेत आणि का, हे त्या एका ओळीत कुठेच नसते. तीन-चार महिन्यांनी तोच झटका परत आला की मालक मेकॅनिकला दोष देतो, मेकॅनिक डुप्लिकेट मालाला आणि दुकानदार तेलाला. बहुतेक वेळा चूक त्याआधीच, भागांची यादी करताना झालेली असते.

हा प्रश्न आता मूठभर महागड्या गाड्यांपुरता राहिलेला नाही. आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या ऑटोमॅटिक गाड्या वॉरंटीतून कधीच बाहेर पडल्या आहेत आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्या आहेत. हा मालक बहुतेकदा नवी गाडी परवडत नाही म्हणून जुनी घेणारा असतो. गुडघे दुखतात म्हणून ऑटोमॅटिक घेणारे ज्येष्ठ नागरिक आहेत. डावा पाय साथ देत नाही म्हणून दुसरा पर्यायच नसलेले चालकही आहेत. त्यांच्यासाठी गिअरबॉक्स बंद पडणे म्हणजे घराबाहेर पडणे बंद होणे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पूर्ण नव्या गिअरबॉक्सचे अंदाजपत्रक अनेकदा गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर जाते. म्हणून दुरुस्ती, म्हणजे गिअरबॉक्स खोलून पुन्हा बांधणे, हाच व्यवहार्य मार्ग उरतो. तो नीट व्हायला हवा.

आधी : कोणता ‘ऑटोमॅटिक’?

आपल्याकडे क्लच पेडल नसलेली प्रत्येक गाडी ‘ऑटोमॅटिक’ असते. पण २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून आलेला आणि नंतर छोट्या गाड्यांत सर्वत्र पसरलेला एएमटी हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे. क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम तिथे पायाऐवजी यंत्र करते, एवढाच फरक. त्याची दुरुस्ती वेगळी आणि तुलनेने स्वस्त. सीव्हीटीमध्ये गिअरच्या जोड्यांऐवजी दोन पुली आणि त्यांच्यामध्ये पोलादी पट्टा किंवा साखळी असते. पट्ट्याने पुलीवर ओरखडे पाडले असतील तर नुसता पट्टा बदलून भागत नाही, दोन्ही एकत्रच बदलावे लागतात. ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये क्लचची जोडी आणि ‘मेकॅट्रॉनिक्स’ हा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक संच हे खर्चाचे मुख्य भाग.

इथली चर्चा मुख्यतः जुन्या, खऱ्या अर्थाने ऑटोमॅटिक असलेल्या टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सची आहे. खोलून बांधण्याचे काम सर्वाधिक याच प्रकारात होते आणि भाग निवडताना सर्वाधिक गोंधळही इथेच होतो.

दुसरी गोष्ट गाडीच्या नावाची. गिअरबॉक्स बहुतेक वेळा गाडीची कंपनी बनवत नाही. जपानची आयसिन, जर्मनीची झेडएफ, जपानचीच जॅटको अशा कंपन्या तो बनवतात. डिझेल टाटा हॅरियरमधला ऑटोमॅटिक ह्युंदाईकडून येतो. महिंद्रा एक्सयूव्ही ७०० आणि फोक्सवॅगन टायगुन (एक लिटर इंजिन) या दोन्हींत आयसिनचे सहा गतींचे गिअरबॉक्स आले, पण ते एकसारखे नाहीत, कारण एकाला झेलायचा जोर दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त आहे. त्यामुळे दुकानात जाऊन ‘अमुक गाडीचे किट द्या’ म्हणणे धोक्याचे. गिअरबॉक्सच्या कवचावर पट्टी किंवा स्टिकर असतो, त्यावर मॉडेलचा कोड असतो. किट त्या कोडवर मागवायचे. एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या मॉडेलमध्ये प्लेटची संख्या बदललेली असू शकते.

प्लेट जळली हे दिसते. का जळली हे शोधले का?

भाग निवडण्याच्या आधीचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि सर्वांत जास्त टाळला जाणाराही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये क्लच पायाने नाही, तेलाच्या दाबाने दाबला जातो. एका ड्रममध्ये आळीपाळीने घर्षणाच्या प्लेट आणि गुळगुळीत स्टील प्लेट रचलेल्या असतात. मागून पिस्टन तेलाच्या दाबाने त्यांना एकमेकींवर आवळतो. दाब पुरेसा असेल तर प्लेट घट्ट धरतात. तो कमी पडला तर त्या घसरतात, घसरल्या की तापतात आणि तापल्या की जळतात. म्हणजे जळलेली प्लेट हा परिणाम आहे. कारण असते दाब कमी होण्याचे : कडक झालेले पिस्टनचे सील, झिजलेला पंप, आतून घासलेली व्हॉल्व्ह बॉडी, अडकणारा सोलेनॉइड, चोंदलेला फिल्टर किंवा मुळात कमी असलेले तेल.

नव्या प्लेट घालून जुनी गळती तशीच ठेवली तर नव्या प्लेटही त्याच वाटेने जातात. फक्त थोडा वेळ घेतात. तो ‘थोडा वेळ’ बहुतेकदा गॅरेजने दिलेल्या तोंडी वॉरंटीपेक्षा थोडासाच जास्त असतो, हा योगायोग मालकांना नेहमी संशयास्पद वाटतो. पण त्यामागे लबाडीपेक्षा अर्धवट तपासणीच जास्त असते.

चांगला कारागीर गिअरबॉक्स उतरवण्याआधीच स्कॅनर लावून कोड वाचतो, जमेल तिथे दाब मोजतो आणि गाडी चालवून कोणत्या गिअरमध्ये घसरते ते पाहतो. प्रत्येक गिअरसाठी ठरावीक क्लच वापरले जातात. त्यामुळे कोणत्या गिअरमध्ये त्रास आहे यावरून आतला कोणता क्लच संशयित हे कळते. गिअरबॉक्स एकदा टेबलावर सुटा झाला की ही माहिती परत मिळत नाही.

किटमध्ये काय असते?

बाजारात साधारण दोन प्रकारची किट मिळतात. ओव्हरहॉल किटमध्ये पॅकिंग, ओ-रिंग, ऑइल सील, सीलिंग रिंग असे ‘मऊ’ भाग असतात. मास्टर किटमध्ये त्यांच्या जोडीला घर्षणाच्या प्लेट, स्टील प्लेट आणि काही वेळा फिल्टर व पिस्टनही येतात. ‘मास्टर’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक विक्रेत्याकडे वेगळा असतो. म्हणून पाकिटावरचे नाव नाही, आतली यादी वाचायची.

या यादीकडे बघण्याची साधी पद्धत अशी : जे घासते, जे उष्णतेने कडक होते आणि जिथे कचरा अडकतो ते नवे घ्यावे. जे फक्त फिरते आणि मोजल्यावर मापात निघते ते जुने राहू द्यावे. गॅरेजमध्ये अनेकदा नेमके उलटे होते. दोनशे रुपयांचा बुश ‘चालेल’ म्हणून जुना राहतो आणि ठणठणीत गिअरसेट ‘सेफ्टीसाठी’ बदलला जातो.

सील आणि रबराचे भाग यांच्याबाबत वादच नको. सगळे नवे. रबर वर्षानुवर्षे गरम तेलात राहून कडक होते. थंड असताना ते कसेबसे धरते. तेल तापून पातळ झाले की कडेने निसटू देते. ‘सकाळी गाडी बरी चालते, ट्रॅफिकमध्ये तापली की घसरते’ ही तक्रार बऱ्याचदा इथली असते. आजच्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये रबर थेट पिस्टनच्या धातूवरच चिकटवलेले असते. तिथे सील वेगळे बदलता येत नाही, पूर्ण पिस्टन घ्यावा लागतो. स्वस्त किटमध्ये हे पिस्टन नसतात. मेकॅनिकने ते वेगळे मागवले नाहीत, तर सगळे सील बदलूनही दाब गळण्याची मुख्य जागा जुनीच राहते. अंदाजपत्रकात ‘पिस्टन’ हा शब्द आहे का, एवढे विचारले तरी बरेच कळते.

टेफ्लॉनच्या सीलिंग रिंग हा आणखी एक नाजूक भाग. शाफ्टवर चढवताना त्या ताणल्या जातात आणि नंतर खास साच्याने दाबून परत मूळ मापात आणाव्या लागतात. हातानेच चढवून तसाच ड्रम बसवला की रिंग कापली जाते. अशा वेळी भाग अस्सल असूनही दोष भागाला लागतो.

घर्षणाच्या प्लेट दिसायला सारख्याच : पोलादी चकतीवर कागदासारख्या तंतूंचा तपकिरी थर. हा थर खरोखर कागदाच्याच जातकुळीचा आहे, सेल्युलोज आणि इतर तंतू राळेत भिजवून केलेला. त्यात किती सच्छिद्रता, कशी नक्षी, तेलाबरोबर किती घर्षण, हे सगळे त्या गिअरबॉक्ससाठी ठरवलेले असते. गिअर कधी आणि किती दाबाने बदलायचा हे ठरवणारा संगणक त्याच घर्षणाचा हिशेब धरून चालतो. म्हणून घरगुती गाडीत ‘हेवी ड्यूटी’, ‘रेसिंग’ प्लेट घालण्यात फायदा नाही. घर्षण वेगळे असेल तर गिअर कडक पडतो किंवा थरथर जाणवते. प्लेट एक जळालेली असो की चार, सगळ्या पॅकमधल्या बदलाव्यात. एका क्लचचा जळका चुरा तेलातून सगळीकडे फिरलेला असतो. आणि बसवण्याआधी नव्या प्लेट योग्य तेलात भिजवून ठेवायच्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच दोन-चार गिअरबदलांत पृष्ठभाग भाजतो.

स्टील प्लेटवर मात्र काटकसरीला वाव आहे. निळे-काळे डाग नसतील, सपाट काचेवर ठेवल्यावर डुगडुगत नसतील आणि जाडी मापात असेल तर त्या साफ करून पुन्हा वापरता येतात. डाग असतील तर नाही. तो डाग म्हणजे पोलाद तिथे तापून बदलल्याची खूण आणि नव्या घर्षणाच्या प्लेटला तो पहिल्या दिवसापासून भाजत राहतो.

हे सगळे रचल्यावर क्लच पॅकमधला मोकळेपणा फीलर गेजने मोजायचा असतो. कमी असेल तर प्लेट सुटल्यावरही घासत राहतात, जास्त असेल तर गिअर उशिरा आणि झटक्याने पडतो. हे जुळवण्यासाठी वेगवेगळ्या जाडीच्या स्नॅप रिंग किंवा प्लेट मिळतात. बाजारातल्या प्लेट मूळ प्लेटपेक्षा कणभर जाड-पातळ असू शकतात, म्हणून मोजणे आणखी गरजेचे. मोजमापाचे आकडे लिहून देणारे गॅरेज विरळाच, पण मागितल्यावर न चिडणारे गॅरेज निवडण्यासारखे.

बुशचे उदाहरण मुद्दाम. पंपातला बुश झिजला की कन्व्हर्टरचा दांडा किंचित हलतो. तो हलला की पुढचे ऑइल सील एका बाजूने खाल्ले जाते. गाडी गळू लागते, गिअरबॉक्स परत उतरतो, सील परत बदलले जाते आणि परत गळते. सील दर वेळी नवे आणि अस्सल असते. बदलायचा असतो तो बुश.

टॉर्क कन्व्हर्टर : सर्वांत महागडी बचत

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये असलेला, बाहेरून भोपळ्यासारखा दिसणारा हा वेल्ड केलेला डबा. आत तेल, पंखे आणि त्यांना थेट जोडणारा एक लॉक-अप क्लच. डबा बंद असल्याने आत बघता येत नाही. त्यामुळे ‘आवाज नाही, म्हणजे चांगला आहे’ असे म्हणून तो तसाच परत लावला जातो.

गिअरबॉक्समधली प्लेट जळून चुरा झाली, तेव्हा तेच तेल कन्व्हर्टरमधून फिरत होते. चुरा आणि धातूचा बारीक किस आत बसलेला असतो. पालथा करून तेल निथळले, पेट्रोलने खळाळले तरी तो पूर्ण निघत नाही. इंजिन पहिल्यांदा सुरू होते त्या क्षणी हा किस नव्या प्लेट, नवे सील आणि व्हॉल्व्हमध्ये जातो. शिवाय लॉक-अपचा घर्षणाचा थर जुना झालेलाच असतो. साठ-सत्तरच्या वेगाला, रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी जी थरथर जाणवते, ती अनेकदा त्याचीच.

नवा कन्व्हर्टर महाग पडतो हे खरे. पण पर्याय आहे : जुना लेथवर कापून उघडायचा, आत साफ करायचा, लॉक-अपचा थर, सील आणि बेअरिंग बदलायचे, परत वेल्ड करून गळती, डगमग आणि समतोल तपासायचा. असे काम करणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत. समतोल न तपासता नुसता वेल्ड करून दिलेला कन्व्हर्टर मात्र न केलेलाच बरा, कारण तो मिनिटाला हजारो फेऱ्या घेतो. एखाद्या अंदाजपत्रकात इतर काहीही कापले तरी चालेल, ही ओळ कापू नये.

तीच गोष्ट ऑइल कूलरची. घर्षणातून निघालेला कचरा कूलरच्या बारीक वाटांत अडकतो. जुन्या पद्धतीचा नळीचा कूलर उलट्या दिशेने धुता येतो. नव्या गाड्यांतला थरांवर थर असलेला, पाण्याने थंड होणारा छोटा कूलर धुऊन साफ होईल याची खात्री नसते. बदललेला बरा. काही गाड्यांत हा कूलर रेडिएटरच्या पोटात असतो. तो आतून फुटला की कूलंट आणि तेल एकत्र होते आणि पॅनमध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी क्रीमसारखा गुलाबी फेस दिसतो. अशा वेळी नुसते तेल बदलून चालत नाही. पाणी घर्षणाच्या थरात शिरते आणि तो चिकटवलेला थर पोलादावरून सुटू लागतो. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यात अडकलेल्या गाड्यांनाही हाच नियम. गिअरबॉक्सला हवा घेण्यासाठी वर छोटी नळी असते, पाणी तिथवर चढले की आत जाते. २६ जुलै २००५ च्या पुरात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत ऑटोमॅटिक गाड्या तुरळक होत्या. आता तशा नाहीत.

जुना भाग कुठे चालतो?

कुर्ल्याचा भंगार बाजार, पुण्यातली नाना पेठ, दिल्लीचे मायापुरी आणि काश्मिरी गेट ही नावे ऐकून नाक मुरडण्याचे कारण नाही. गिअरबॉक्समधले ‘कठीण’ भाग, म्हणजे प्लॅनेटरी गिअरसेट, ड्रम, शाफ्ट, बाहेरचे कवच, हे चांगल्या अवस्थेत वापरलेले मिळाले तर जरूर घ्यावेत. अपघातात पुढून चेपलेल्या गाडीचा गिअरबॉक्स आतून निर्दोष असू शकतो. पोलादी गिअरचा दात खवलेला नसेल, पिनियन ढिले नसतील, ड्रमच्या ज्या जागी रिंग बसते तिथे नखाला लागेल अशी खाच नसेल, तर तो भाग नव्याइतकाच काम देतो. उलट अनोळखी ब्रँडच्या नव्या ड्रमपेक्षा मूळ कंपनीचा वापरलेला ड्रम अधिक भरवशाचा.

पूर्ण गिअरबॉक्सच वापरलेला आणून ‘बदली’ करण्याची पद्धतही आहे. परदेशातून आलेले, ‘कमी चाललेले’ म्हणून विकले जाणारे गिअरबॉक्स यात असतात. किलोमीटरचा आकडा सांगणारा विक्रेता तो सिद्ध करू शकत नाही. कितीही कमी चाललेला असला तरी सीलचे वय किलोमीटरमध्ये नाही, वर्षांत मोजायचे. एका दिवसात गाडी रस्त्यावर येते हा त्याचा मोठा आधार आणि टॅक्सीवाल्यासाठी तो निर्णायक असू शकतो. पण घरच्या गाडीसाठी, निदान पॅन उघडून तेलाचा रंग आणि चुंबकावरचा किस पाहिल्याशिवाय आणि पुढचे सील, फिल्टर बदलल्याशिवाय तो बसवणे म्हणजे सोडत काढण्यासारखे आहे. चुंबकावर राखाडी, मऊ लेप असणे नेहमीचे. बोटाला टोचणारे तुकडे असतील तर तो गिअरबॉक्स जिथून आला तिथे परत पाठवावा.

व्हॉल्व्ह बॉडी आणि सोलेनॉइड

अनुभवी मेकॅनिकही इथे अडखळतात. ॲल्युमिनियमच्या या ठोकळ्यात बोगद्यांचे जाळे असते आणि त्यात छोटे व्हॉल्व्ह पुढे-मागे सरकून तेलाला वाट देतात. लाखो वेळा सरकून ॲल्युमिनियमचे भोक किंचित मोठे होते. डोळ्यांना ते दिसत नाही. निर्वात दाब लावून गळती तपासली तरच कळते. धुऊन, फुंकर मारून परत बसवलेली व्हॉल्व्ह बॉडी ‘सर्व्हिस केली’ असे बिलात लिहिले जाते. ती साफ असते, बरी असतेच असे नाही. झिजलेले भोक रीमरने मोठे करून त्यात जाड व्हॉल्व्ह बसवण्याची दुरुस्ती होते, त्यासाठीचे संच अनेक लोकप्रिय गिअरबॉक्सना मिळतात. नाहीतर तपासून दिलेली पुनर्निर्मित व्हॉल्व्ह बॉडी.

सोलेनॉइडबाबत एक गैरसमज : मल्टिमीटरवर रोध बरोबर आला म्हणजे सोलेनॉइड ठीक. रोध फक्त तारेची गुंडाळी शाबूत आहे एवढेच सांगतो. आतला व्हॉल्व्ह कचऱ्याने अडखळतो का, दिलेल्या करंटला ठरलेला दाब देतो का, हे बाकावरच्या चाचणीतच समजते. सोलेनॉइड बदलायचे तर शक्यतो संच म्हणून. प्रत्येकाचा स्वभाव थोडा वेगळा असतो. टोयोटाच्या काही गिअरबॉक्सवर म्हणूनच आकड्यांचा लांबलचक भरपाई-कोड असतो आणि तो स्कॅनरने गाडीच्या संगणकात भरावा लागतो. भाग बरोबर, पण कोड भरला नाही, तर गाडी तक्रार करणारच. काम संपल्यावर संगणकाची जुनी ‘शिकवण’ पुसून नव्याने जुळवून घेणेही तितकेच आवश्यक. झिजलेल्या क्लचसाठी शिकलेला दाब नव्या क्लचवर लावला की पहिल्या दिवशीच झटके बसतात. ज्या गॅरेजकडे हे करणारा स्कॅनर नाही, त्याच्याकडे उत्तम हात असूनही काम अर्धे राहते.

‘ओरिजिनल’ म्हणजे नेमके काय?

दुकानात हा शब्द सर्वांत स्वस्त आहे. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला भाग आणि तोच भाग बनवणाऱ्या मूळ पुरवठादाराच्या खोक्यातला भाग अनेकदा एकाच कारखान्यातून येतात, किंमत मात्र वेगळी. घर्षणाच्या प्लेट, सील, फिल्टर बनवणाऱ्या कंपन्या गिअरबॉक्स कंपन्यांनाही पुरवठा करतात. त्यांच्या नावाने घेतलेला माल ही शहाणपणाची बचत. नाव नसलेल्या पारदर्शक पिशवीतले किट ही बचत नव्हे.

फिल्टरचे उदाहरण घ्या. झेडएफच्या आठ गतींच्या गिअरबॉक्समध्ये तेलाचा प्लॅस्टिक पॅन आणि फिल्टर एकच भाग आहे. फिल्टर बदलायचा म्हणजे पूर्ण पॅन घ्यायचा. पैसे वाचवण्यासाठी जुना पॅन धुऊन फक्त तेल बदलले, तर जळलेला चुरा धरून बसलेला फिल्टर तसाच राहतो.

आणि तेल. ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालणारे’ तेल दुरुस्तीनंतर घालू नये. टोयोटाचे डब्ल्यूएस, ह्युंदाईचे एसपी-फोर, निसानचे सीव्हीटी तेल एनएस-थ्री या नुसत्या जाहिरातीच्या नावांच्या पट्ट्या नाहीत. प्लेटचे घर्षण कोणत्या तेलात किती, हे त्यात ठरलेले असते. ‘हे तेल आयुष्यभर बदलायचे नाही’ हा समज तर आधी सोडावा. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षे यांदरम्यान तेल बदलायला सांगते. खंबाटकी आणि कसारा घाट, वाकडची कोंडी, उन्हाळ्यातले ४२ अंश असे सगळे झेलणाऱ्या गाडीने त्यातला अलीकडचा आकडा धरावा.

भाग मिळतच नसतील तर?

गॅरेजवाल्यांची एक तक्रार खरी आहे : अनेक आतले भाग कंपनी सुटे विकतच नाही. ‘पूर्ण असेंब्ली घ्या’ एवढेच उत्तर मिळते. दोनशे रुपयांच्या सीलसाठी लाखाचा भाग. हे काही नवे नाही. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात न देण्याबद्दल २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार झाली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि भाग व माहिती बाहेरच्या गॅरेजना उपलब्ध करा, असे सांगितले. प्रकरण पुढे अपिलांत गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात वाहन हे एक क्षेत्र आहे. ही चांगली सुरुवात आहे. पण गिअरबॉक्सचा पिस्टन, बुश, सोलेनॉइड यांचे सुटे क्रमांक आणि मोजमापांची पुस्तिका जोवर सामान्य गॅरेजला सहज मिळत नाही, तोवर पोर्टलवर ग्राहक सेवेचा दूरध्वनी क्रमांक असून उपयोग थोडा. माहिती अडवून ठेवायची आणि मग ‘बाहेरचे गॅरेज बिघडवतात’ असे म्हणायचे, ही दुटप्पी भूमिका कंपन्यांनी सोडायला हवी.

दुसऱ्या बाजूला गॅरेजवाल्यांनीही ‘किट टाकले’ या दोन शब्दांचे बिल देणे थांबवायला हवे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता. तरीही ‘बिलाशिवाय घ्या, स्वस्त पडेल’ हा आग्रह दोन्ही बाजूंनी होतो. सव्वा लाखाच्या कामात तो मोह मोठा असतो. पण बिल नसेल तर वॉरंटी फक्त तोंडी. वाद झाला तर जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्कही लागत नाही, मात्र दाखवायला कागद लागतो.

त्या कागदावर गिअरबॉक्सचा कोड, प्रत्येक बदललेल्या भागाचे नाव व ब्रँड, तेलाचा प्रकार आणि लिटर, कन्व्हर्टर नवा की दुरुस्त केलेला आणि जुने ठेवलेले भाग कोणते, हे असावे. काढलेले भाग खोक्यात घालून मालकाला परत मिळावेत. कंपनीत पुन्हा बांधण्यासाठी जुना कन्व्हर्टर जमा करावा लागत असेल तर तसे लिहून घ्यावे. आणि पहिल्या हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तेलाची पातळी, रंग आणि चुंबक पाहण्याची तारीख त्याच बिलावर, गाडी ताब्यात घेतानाच टाकून घ्यावी.